दुबई ग्रुप टूर (५ रात्री, ६ दिवस): जेवणाला पैकीच्या पैकी मार्क, पण खसखशीबद्दल एक शब्द सांगितला नाही

दिवाळी झाल्या झाल्या आम्ही पाच जण दुबईला जाऊन आलो, मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासू-सासरे. बुकिंग नाशिकला केलं, विमान मुंबईहून, ३४ जणांचा ग्रुप आणि माणशी साधारण ९२ हजार खर्च. कंपनीचं नाव इथे लिहीत नाहीये, त्यांना सविस्तर मेल केलाय आणि त्यांची माणसं वाईट नाहीत हे मी सहा दिवस जवळून बघितलंय. पण जे लिहितेय ते कुठल्याही कंपनीतून जाणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे, त्यामुळे लांबलं तरी वाचा, त्यातून घरातली म्हातारी माणसं सोबत नेणार असाल तर नक्कीच वाचा.

आधी चांगलं सांगते. जेवण! सहा दिवसात एकदाही कोणी ताट बाजूला सारलं नाही. सकाळी पोहे नाहीतर उपमा, रात्री वरण-भात-पोळी असणारच, जैन लोकांचं वेगळं, आणि कार्तिकी एकादशी मधेच आली तर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटीसुद्धा. सासूबाई आत जाऊन आचाऱ्याला विचारून आल्या की कूट घरी केलंय का विकतचं, तर तो अकोल्याचा निघाला, मग काय, दोघांच्या अर्धा तास गप्पा. हॉटेल देरा भागात, जुनं पण स्वच्छ, गरम पाणी चोवीस तास. बस वेळेवर. व्हिसा आठ दिवस आधी हातात. बुर्ज खलिफाचा १२४ वा मजला, डेझर्ट सफारी, मरीनातली क्रूझ, मिरॅकल गार्डन, अबुधाबीची शेख झायेद मशीद, २०२४ मध्ये उघडलेलं स्वामीनारायण मंदिर, कार्यक्रमात लिहिलेला एकही पॉइंट गाळला नाही. या सगळ्याला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता मुद्द्याचं. बुकिंग झाल्यावर कंपनीने १४ पानांची पीडीएफ पाठवली, प्रवासाला निघण्यापूर्वी वाचा म्हणून. मी ती दोनदा वाचली, प्रिंट काढून सासऱ्यांनाही दिली. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, तीन पिनांचा अडॅप्टर, बॅगेला लाल रिबन बांधा, मशिदीत जाताना अंगभर कपडे आणि बायकांनी डोकं झाकायचं, हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं. आणि पान ६ वर दोन ओळी होत्या, "घरगुती सुका खाऊ सोबत घेतल्यास उत्तम" आणि "आपली नेहमीची औषधे पुरेशी सोबत ठेवावीत". बास. या दोन ओळींवर मी आज एवढं लिहितेय, कारण त्या जशा लिहिल्यात तशा पाळल्या असत्या तर आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन दुबईच्या कस्टम्ससमोर उभे राहिलो असतो.

नवऱ्याची भाची तिकडे दुबईतच करामा भागात राहते, नोकरी करते. सासूबाईंची लाडकी नात, आणि तिला अनारसे प्राण आवडतात. दिवाळीतच सासूबाईंनी तिच्यासाठी म्हणून ४० अनारसे वेगळे काढून ठेवलेले, स्टीलच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये कागद घालून. निघायच्या पाच दिवस आधी रात्री साडेदहाला तिची व्हॉइस नोट आली, "मामी, आजीने माझ्यासाठी अनारसे ठेवलेत का गं? ठेवले असतील तर आणू नकोस, प्लीज, एकसुद्धा नको, मी उद्या लिहून पाठवते सगळं, पण आधी ते बॅगेतून काढ."

कारण खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंद आहे, विकायला नाही, न्यायला नाही, चिमूटभरही नाही. ती अमली पदार्थाच्या हिशोबात धरतात. आपल्याला हे ऐकून हसू येतं, मलाही आधी खरं वाटलं नाही, पण विचार केला तर कळतं की खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. आपल्याकडे मंदसौर-नीमच आणि तिकडे चित्तोडगड भागात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, कच्च्या बोंडाला चिरा मारून जो चीक गोळा करतात ती अफू, आणि तेच बोंड वाळल्यावर आतून जे बी निघतं ते आपल्या किराणा दुकानात पाव किलोच्या पाकिटात येतं. बियांनी नशा होत नाही, पण चिकाचा अंश बियांना लागून राहू शकतो, आणि ज्या देशाने ठरवलंय की हे नकोच त्यांना आपलं दिवाळीचं कारण सांगून काय उपयोग. खसखशीपायी आपल्या लोकांना तिथे अटक झाल्याच्या बातम्या पूर्वी येऊन गेल्यात. २०२१ चा नवा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला, त्यात पहिल्यांदा सापडणाऱ्यांच्या शिक्षा आधीपेक्षा कमी केल्यात, ते खरं आहे, पण पंच्याहत्तरीच्या बाईला एअरपोर्टवर बाजूच्या खोलीत नेऊन चार तास प्रश्न विचारले तरी ती आमच्या घराला मोठीच शिक्षा झाली असती.

मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. डबा उघडला, एक अनारसा उचलला आणि अंगठ्याच्या नखाने खरवडून बघायला लागल्या. अनारसा थापतातच मुळी खसखशीवर, तळताना ती पिठात रुतून बसते, नखाने काढली की जाळीच तुटते. दोन-तीन दाणे निघाले, बाकीचे तसेच. मग म्हणाल्या, "नाही निघायची गं ही, राहू दे." आणि डबा परत फळीवर ठेवून दिला. मला त्या क्षणी कंपनीचा इतका राग आला ना, कारण हे सगळं टाळायला पीडीएफमध्ये एक ओळ पुरली असती.

बरं, अनारशावर संपलं नाही. पुन्हा डोळ्यासमोर बॅग आणून बसलो तर सासूबाईच बोटं मोजायला लागल्या, करंजीच्या सारणात खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस, घरच्या भाकरवडीच्या सारणात खसखस, आमच्या गोड्या मसाल्यात थोडी असते, कांदा-लसूण मसाल्यातही काही घरी घालतात. म्हणजे मराठी माणूस परदेशी नातेवाइकांना प्रेमाने जे जे नेतो त्यातलं निम्मं. स्टीलचा डबा धुतला तरी झाकणाच्या कडेला दाणे अडकलेले होते, ते मी टाचणीने काढले, आणि शेवटी तो डबा नेलाच नाही, नवा प्लॅस्टिकचा घेतला. चिवडा, शंकरपाळी आणि शेव एवढंच गेलं. विकतचं काही नेणार असाल तर पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, कुठे कुठे खसखस लिहिलेली असते बघून थक्क व्हाल.

दुसऱ्या दिवशी भाचीने औषधांचं पाठवलं आणि ते वाचून तर पोटात गोळाच आला. सासऱ्यांना डायबिटीस, पायांची आग होते म्हणून रोज रात्री प्रीगॅबालिनची कॅप्सूल. सासूबाईंचे गुडघे गेलेले, जास्त दुखलं की डॉक्टरांनी ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिलेली. दोन्ही तिथे नियंत्रित औषधांत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या नाहीतर घाबरल्यावर घ्यायच्या गोळ्या, त्याही. आपल्याकडे साठीच्या वरच्या कुठल्याही घरातली औषधांची पिशवी उघडा, यातलं एक तरी निघतंच. आणि "पुरेशी सोबत ठेवावीत" म्हटल्यावर माणूस काय करणार, महिन्याचा साठा भरणार.

आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते कारण हेच विचारलं जातं. फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सासूबाईंची ट्रामाडॉलवाली गोळी सहा दिवसांपुरती बंद करून साधं पॅरासिटामॉल आणि लावायचा जेल दिला. प्रीगॅबालिन बंद करता येणार नव्हतं, मग त्यांच्या लेटरहेडवर आजाराचं नाव, औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवस, असं सही-शिक्क्याचं पत्र घेतलं. भाचीने तिथल्या सरकारी वेबसाइटची लिंक दिली होती, प्रवाशाने स्वतःसाठी औषध आणायचं तर आधी ऑनलाइन परवानगी घ्यायची सोय आहे, तिथे फॉर्म भरून पत्र, प्रिस्क्रिप्शन आणि पासपोर्टची कॉपी टाकली. पैसे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी मेलवर परवानगी आली, त्याच्या तीन प्रिंट काढल्या, एक सासऱ्यांच्या खिशात, एक माझ्याकडे, एक औषधांच्या पिशवीत.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. आपला केमिस्ट पट्टी कात्रीने कापून देतो, चार गोळ्या हव्या तर चार. त्या कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव अर्धंच राहतं, कधी तर नुसता बॅच नंबर. तिकडच्या अधिकाऱ्याने ते हातात घेतलं तर त्याला कसं कळणार काय आहे ते. म्हणून अख्ख्या पट्ट्या, शक्यतो खोक्यासकट, आणि बिल. गोळ्या काढून सोमवार-मंगळवारच्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून नेऊ नका, ती डबी रिकामी न्या आणि हॉटेलात भरा.

हे सगळं कळल्यावर मी टूर मॅनेजरला फोन केला, म्हटलं दादा, ग्रुपमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत, तुम्ही एक मेसेज टाका सगळ्यांना. तो म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, मी पंधरा वर्षं नेतोय, हजारो लोक खसखस नेतात, काही होत नाही." माझी तक्रार या वाक्याबद्दल आहे. माणूस मनाने चांगला, सासऱ्यांची बॅग प्रत्येक वेळी स्वतः उचलली, पण ९२ हजार घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने दुसऱ्या देशाच्या कायद्याबद्दल "काही होत नाही" म्हणावं हे मला मुळीच पटलं नाही. झालंच काही तर आत बसणार प्रवासी, मॅनेजर पुढच्या महिन्यात दुसरा ग्रुप घेऊन येणार.

मग मीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. काहींनी हात जोडले, दोघा-तिघांनी लिहिलं की उगाच घाबरवू नका. पण निघायच्या रात्री मुंबईच्या टी-टू ला गेटबाहेर जळगावचे एक काका ट्रॉली बाजूला घेऊन बॅग उघडून बसलेले, सुनेने दिलेले डिंकाचे लाडू काढून आम्हाला सोडायला आलेल्या ड्रायव्हर लोकांना एकेक वाटत होते. मला बघून म्हणाले, "ताई, तुम्ही लिहिलं म्हणून बरं झालं, आम्हाला काय माहीत." त्यांच्या जागी माझे वडील असते असं वाटून गेलं.

दुबईत उतरल्यावर आमच्यापैकी दोघांच्या बॅगा उघडायला लावल्या. एकात पापड होते, एकात औषधं. पाच मिनिटात सोडलं, अधिकारी शांतपणे बोलत होते, पण ती पाच मिनिटं बाकीचे ३२ जण एका रेषेत उभे होते आणि कोणाच्या तोंडातून शब्द नव्हता.

आता या टूरमधला हिरा म्हणजे आमचा लोकल गाइड. केरळचा, वीस वर्षं दुबईत, हिंदी उत्तम आणि मराठी समजणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुरू झाल्यावर त्याने माइक घेतला आणि बुर्ज खलिफा किती मीटर उंच वगैरे नंतर सांगतो म्हणाला, आधी हे ऐका. वीस मिनिटं बोलला. कंपनीने त्याला हे सांगायला लावलं नव्हतं, मी नंतर विचारलं, तो म्हणाला एकदा एका पाहुण्याला रडताना बघितलंय, तेव्हापासून प्रत्येक ग्रुपला सांगतो. त्या वीस मिनिटांसाठी त्याला दहापैकी अकरा.

त्याने सांगितलेलं बरंचसं त्याच दिवशी डोळ्यासमोर घडलं. मेट्रोचं बघा. डब्यात फरशीवर एक गुलाबी पट्टा आहे, रुंदीला हातभर, आणि त्याच्या पलीकडे बायका-मुलांचा भाग. दार नाही, जाळी नाही, काही नाही, नुसता पट्टा. आपल्याकडे लोकलचा लेडीज डबा वेगळा असतो, इथे एकाच डब्यात दोन पावलं पुढे सरकलं की चुकलं. गर्दीत आमच्यातले एक जण बायकोशी बोलता बोलता पट्ट्यापलीकडे गेले, दोन स्टेशनांनी तपासनीस आला, १०० दिरहम. म्हणजे आपले चोवीसशे रुपये. त्याने आरडाओरडा केला नाही, पट्टा दाखवला, भिंतीवरचा बोर्ड दाखवला आणि पावती दिली. मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगम चघळणं यालाही तेवढाच दंड, त्यामुळे मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन बसू नका. पाण्याचा घोटही नाही हे सासऱ्यांना जड गेलं, त्यांना तासातासाला पाणी लागतं, मग आम्ही स्टेशनच्या बाहेर पडून पाजत होतो.

रस्ता ओलांडणं हा दुसरा प्रकार. देराच्या हॉटेलसमोरच सुपरमार्केट, मधे रस्ता, सिग्नल जरा लांब. नाशिकला आपण काय करतो, हात दाखवतो आणि जातो. तिथे झेब्रा नसलेल्या जागेवरून ओलांडलं की ४०० दिरहम, साडेनऊ हजारांच्या आसपास. गाइडने सकाळी सांगितलं नसतं तर त्या एका रस्त्यावर आमच्या ग्रुपने निदान लाखभर रुपये घातले असते असं मला वाटतं. सांगितल्यावर मात्र सगळे वळसा घालून जायला लागले, गुडघेदुखीच्या सासूबाईसुद्धा. लोक ऐकतात हो, कोणी नीट सांगितलं तर.

फोटो. माझा मुलगा रील्स करतो, गोल्ड सूक म्हणजे तिथल्या सोन्याच्या बाजारात दुकानांच्या काचा दाखवत दाखवत कॅमेरा फिरवला तर समोरून एक स्थानिक कुटुंब येत होतं, बुरखा घातलेल्या दोन बायका आणि लहान मुलं. त्यांच्यातले गृहस्थ थांबले आणि मोबाइलकडे बोट करून इंग्रजीत हळू आवाजात म्हणाले की हे पुसून टाक. मुलाने तिथल्या तिथे त्यांच्यासमोर पुसलं, डिलीटेड फोल्डरमधूनही काढून दाखवलं, मी सॉरी म्हटलं, ते मान हलवून गेले. तिथल्या सायबर कायद्यात परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं हा गुन्हा आहे, तुरुंग होऊ शकतो आणि दंड दीड लाख ते पाच लाख दिरहम, म्हणजे छत्तीस लाख रुपयांपासून पुढे. आपल्याकडे लग्नात, देवळात, रस्त्यावर कोणीही कोणाचाही व्हिडिओ काढतो त्यामुळे मुलांच्या डोक्यातच येत नाही की समोरच्याला यात काही वाटत असेल. खरं सांगायचं तर हा कायदा मला आवडला. माझ्या मुलीसमान पोरींचे असे व्हिडिओ आपल्याकडे फिरतात तेव्हा विचारणारं कोणी नसतं.

त्याच कायद्यात व्हॉट्सअॅपवर कोणाला शिवी लिहिणं, बदनामी करणं हेही येतं. आपल्याकडे मित्रांच्या ग्रुपवर जी भाषा चालते ती तिथे बसून चालवू नका. हॉटेलची, दुकानाची खराब सर्व्हिस मिळाली म्हणून नाव घेऊन ऑनलाइन तोडून लिहिलं तरी समोरचा बदनामीची तक्रार करू शकतो. मी सगळीकडे रिव्ह्यू टाकणारी बाई, मला हे माहीतच नव्हतं.

फोनचं तर प्रत्येकाला अडलं. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस कॉल आणि व्हिडिओ कॉल तिथे लागत नाही. मेसेज जातो, फोटो जातो, व्हॉइस नोट जाते, कॉल नाही. म्हणूनच भाची इतकी वर्षं व्हॉइस नोटवर बोलते, आम्हाला वाटायचं हिला फोन करायला वेळ नाही! सासऱ्यांना रोज संध्याकाळी निफाडच्या धाकट्या भावाशी बोलल्याशिवाय जमत नाही, पहिल्या दिवशी अस्वस्थ. ग्रुपमधल्या एका मुलाने सगळ्यांना व्हीपीएन टाकून द्यायला सुरुवात केली, "काका, एक बटन दाबा, लगेच लागतो". गाइडने ते बघून दुसऱ्या दिवशी बसमध्ये हात जोडून सांगितलं की व्हीपीएन असणं गुन्हा नाही, कंपन्या वापरतात, पण तिथे जे बंद आहे ते करायला व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे आणि दंड पाच लाख दिरहमपासून वीस लाखांपर्यंत. तो पोरगा बिचारा पांढरा पडला. सगळ्यांनी काढून टाकलं, सासऱ्यांना लोकल सिम घेऊन दिलं, परवानगी असलेली कॉलिंग अॅप्स आहेत ती टाकली. हे कंपनीने आधी सांगितलं असतं तर मी नाशिकहूनच रोमिंगचं पॅक मारून आले असते.

दारूबद्दल थोडक्यात, आमच्या घरी तो विषय नाही पण ग्रुपमध्ये होता. दुबईत हॉटेल-बारमध्ये मिळते, २१ वर्षांची अट आहे, पण बीचवर, रस्त्यावर, बागेत बाटली उघडायची नाही. आणि शारजात पूर्ण बंदी. आमचं एक रात्रीचं जेवण शारजाला ठेवलेलं, दुबईहून अर्ध्या तासात बस पोचते, मधे कुठे सीमा आल्याचं जाणवतसुद्धा नाही, आणि दोघांच्या सॅकमध्ये ड्यूटी फ्रीची बाटली. गाइडने बस निघण्याआधी विचारलं म्हणून त्या खोलीत ठेवून आले. तंबाखू-गुटख्याचंही तेच, खाणाऱ्यांनी घरी ठेवून या, विड्याची पानंसुद्धा नेऊ नका. मुलाबाळांना दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा, काळी बाहुली बॅगेला बांधायची सवय असेल तर तीही सोडा, जादूटोण्याच्या वस्तूंवर कस्टम्सची बंदी आहे आणि तिथला माणूस तुमची बाहुली कुठल्या नजरेने बघेल सांगता येत नाही.

आणि एक आपल्याच देशाचा कायदा, सोनं. गोल्ड सूकमध्ये दुकानदार सांगतो, ग्रुपमधलं कोणीतरी सांगतं, की बाईला एवढे ग्रॅम फ्री. ती सवलत वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परत येणाऱ्यांना आहे, सहा दिवसांच्या टूरवाल्यांना नाही. आमच्या ग्रुपमधल्या दोघी बांगड्या घेऊन बसल्या होत्या, माझ्या नवऱ्याने त्यांना समजावलं, मुंबईला उतरल्यावर त्यांनी रेड चॅनेलला जाऊन ड्यूटी भरली. बिल जवळ होतं म्हणून सरळ झालं.

परत आल्यावर कंपनीला मेल केला. उत्तर चौथ्या दिवशी आलं, नम्र होतं, पण लिहिलं काय तर पान ११ वर अटी-शर्तींमध्ये "प्रवाशाने संबंधित देशाचे स्थानिक कायदे पाळणे बंधनकारक आहे" असं नमूद आहे. आहे ना, मी परत काढून बघितलं, आहे. पण निफाडच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने अमिरातीचा औषधांचा कायदा कुठे वाचायचा? लोक स्वतःहून न जाता कंपनीबरोबर जातात ते याचसाठी ना, की जे आपल्याला माहीत नाही ते त्यांना माहीत असेल. मी उत्तरात त्यांना एक पानाचा मजकूर मराठीत लिहून पाठवलाय, वरचंच सगळं, खसखस कशाकशात असते त्या यादीसकट, म्हटलं हवं तर जसंच्या तसं छापा, माझं नाव नको, पैसे नकोत. अजून कळवलेलं नाही. सिंगापूरच्या पीडीएफसाठीही वेगळं लिहून देईन म्हटलंय, तिथेही खसखस चालत नाही, शिवाय गुटखा, व्हेप आणि १९९२ पासून च्युइंगम, म्हणजे आपल्या लोकांना अडकायला भरपूर.

तर रेटिंग. जेवण, बस, हॉटेल, कार्यक्रम ५. लोकल गाइड ५ पेक्षा जास्त. निघण्यापूर्वीची माहिती शून्य. एकूण ३ देतेय. पीडीएफ बदलली तर मी स्वतः येऊन इथे ५ करीन. याच कंपनीतून जाऊ का विचाराल तर जा, फक्त आधी बॅगेतला खाऊ आणि औषधं वर लिहिल्याप्रमाणे बघा, दुबई नुसती विमान बदलायला लागणार असेल, अमेरिकेला लेकाकडे जात असाल, तरीही बघा, ट्रान्झिटवाल्यांना वेगळा कायदा नाही.

अनारशांचं सांगायचं राहिलं. डबा फळीवर ठेवला त्याच रात्री सासूबाईंनी माझ्या फोनवरून नातीला व्हॉइस नोट केली, तांदूळ भिजत घाल म्हणून. मग रोज एक नोट, पाणी बदललंस का, वास कसा येतोय, आज उपसून फडक्यावर पसर, ऊन नको लावू, सावलीतच ओलसर वाळव, मग मिक्सरला दळून चाळून गूळ घाल. आम्ही पोचेपर्यंत पिठाचा गोळा तिच्या फ्रिजमध्ये तयार. पाचव्या दिवशी संध्याकाळ मोकळी होती, तेव्हा करामाला तिच्या चौथ्या मजल्यावरच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात सासूबाई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या, प्लॅस्टिकच्या कागदावर तीळ पसरले आणि त्यावर अनारसे थापले. पहिले दोन तुपात हसले, पार विरघळले. तिसऱ्याला जाळी पडली. भाचीने तो ताटलीत निथळायलाही ठेवू दिला नाही, फुंकर मारत उभ्या उभ्याच खाल्ला.